ए साडेतीन

"वरचा दिवा बंद कर गं," डॉक्टर मॅडम म्हणतात आणि खुर्चीवरचा झगझगीत दिवा विझतो. मदतनीस मुलगी भिंतीवरची ट्यूबही घालवते. रबराचा वाडगा हातात घेऊन ती मापाचं अल्जिनेट कालवायच्या तयारीत आहे, पण मॅडम तिला हातानंच थांबवतात. "माप मागनं. आधी शेड."

या क्रमाला कारण आहे. माप घेताना तोंड बराच वेळ उघडं राहतं, दात कोरडे पडतात, आणि कोरडा दात असतो त्याहून पांढरा दिसतो. पुन्हा ओला होऊन मूळ रंगावर यायला त्याला अर्धा तास तरी हवा. म्हणून रंग बघायचा तो पेशंट खुर्चीत टेकल्या टेकल्या, दातांवर लाळ असतानाच.

खोलीत आता फक्त खिडकीचा उजेड आहे. खिडकी उत्तरेला. साडेदहा वाजलेत, जानेवारीतलं सोलापूरचं ऊन समोरच्या गच्चीवर लख्ख पडलंय, पण थेट आत येत नाही. अशोक चौकाकडून रिक्षांचा कलकलाट येतोय आणि मागच्या बोळात कुणाच्या तरी घरातल्या पॉवरलूमची खटखट एका लयीत चाललीय. गड्डा यात्रा चार दिवसांवर आलीय, त्यामुळे बाकावर गर्दी आहे. यात्रेच्या आधी दात पाहिजेत, असं प्रत्येकाचंच म्हणणं आहे.

खुर्चीत मास्तर बसलेत. शाळेतले नव्हेत, रंगखान्यातले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सुताच्या लडी रंगवण्यात त्यांची हयात गेली. सोलापुरी चादरीत जो मरून किंवा मोरपंखी रंग दिसतो, तसल्या रंगांचे कितीतरी लॉट त्यांनी पास केले, कितीतरी परत कढईत घातले. वय अडुसष्ट. वरचे पुढचे चार दात हिरड्यांनी सोडून दिलेत. दोन्ही बाजूंचे सुळे मात्र घट्ट आहेत आणि खालची रांगही जागेवर आहे. फिक्स ब्रिज बसवायचा तर चांगले सुळे घासावे लागतील, हे कळल्यावर त्यांनी तो विषय तिथंच संपवला. इम्प्लांटचा खर्च ऐकून अक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी, नुसत्या हसल्या होत्या. तेव्हा काढ-घालीचे दात ठरलेत: टाळूला गुलाबी प्लेट, तिला चार दात, आणि मागच्या दाढांना धरायला तारेचे हूक.

मॅडम त्यांना मफलर काढायला लावतात. मफलर लालभडक आहे आणि त्याचा लाल प्रकाश हनुवटीवर, ओठांवर आणि दातांवर पडतो. शर्टही पोपटी. मुलगी पुढे होऊन त्यांच्या गळ्यापासून छातीपर्यंत राखाडी टॉवेल पसरते. मास्तर त्या टॉवेलचं टोक चिमटीत धरून उजेडात नेतात, पीळ बघतात. "आमच्याकडचा न्हाई ह्यो राखाडी," ते म्हणतात. "निळा जरा जास्त झालाय."

मॅडमना हसू येतं. मास्तरांचं आणि त्यांचं आज जमणार, असं मला तेव्हाच वाटतं.

शेड गाइड बाहेर येते. धातूच्या पट्टीत खोचलेले सोळा दात, प्रत्येकाच्या दांडीवर इंग्रजी अक्षर आणि आकडा. जर्मनीतल्या बाड झेकिंगन गावच्या व्हिटा कंपनीनं १९५६ साली ही सोळा रंगांची पट्टी आणली. याच कंपनीनं पुढं १९९८ मध्ये आणखी शास्त्रशुद्ध पट्टी काढली तरी जगभरातले दंतवैद्य आणि लॅबवाले अजून एकमेकांशी बोलतात ते या जुन्या सोळांच्याच भाषेत. ए म्हणजे तांबूस तपकिरीकडे झुकणारे, बी तांबूस पिवळे, सी राखाडी, डी तांबूस राखाडी. आकडा वाढला की रंग गडद. अर्ध्याचा मान फक्त ए या घराण्याला: ए तीन, मग ए साडेतीन, मग ए चार. आपल्याकडे मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठंही साडेतीन. जर्मनांचं कामही साडेतीनाशिवाय भागलं नाही, याची मला गंमत वाटते.

मॅडमच्या पट्टीत हे दात अक्षरांच्या क्रमानं नाहीत. बी एक, ए एक, बी दोन, डी दोन, ए दोन, सी एक अशी उजळाकडून गडदाकडे उतरत जाणारी रांग त्यांनी लावलीय. केगावच्या डेंटल कॉलेजात शिकताना ही सवय लागली, असं त्या सांगतात. रंगाची जात चुकली तर लोकांच्या एक वेळ लक्षात येत नाही, पण उजळपणा चुकला की समोरचा माणूस चार हातांवरून ओळखतो. म्हणून आधी दात किती उजळ आहे ते ठरवायचं, मग रंग किती मुरलेला आहे ते, आणि कुठल्या जातीचा आहे ते सगळ्यात शेवटी.

"म्हंजे आधी ब्राइट का डल, मग डेप्थ, मग टोन," मास्तर टॉवेलाखालून म्हणतात.

मॅडम थबकतात. अमेरिकेतल्या मन्सेल नावाच्या चित्रकलेच्या मास्तरानं १९०५ साली रंग मोजायची हीच तीन मापं पुस्तकात मांडली, आणि दातांचं रंगशास्त्र अजून त्याच तीन मापांवर उभं आहे. मॅडम ती पुस्तकातून शिकल्या. मास्तर ती वाफाळत्या कढईपाशी उभे राहून शिकले, आणि ज्याच्याकडून शिकले त्यालाही मन्सेल माहीत असायचं काही कारण नव्हतं.

"बोलू नका आता. ओठ सैल सोडा."

पट्टीतला ए तीन पाण्यात बुडवून मॅडम खालच्या पुढच्या दातांपाशी धरतात. कड कडेला लावलेली, कारण मानेकडे, म्हणजे हिरडीलगत, दात नेहमीच गडद असतो. त्या डोळे किलकिले करतात. पापण्या अर्ध्या मिटल्या की रंग मागे पडतो आणि नुसता उजेड-अंधार दिसतो. मनात चार-पाच मोजून होतात न होतात तोच त्या नजर वळवून भिंतीवरच्या राखाडी कागदाकडे बघतात. दाताच्या पिवळसर रंगाकडे डोळा टक लावून राहिला तर तो त्या पिवळ्याला सरावतो आणि मग जे दाखवाल ते जुळलेलं वाटायला लागतं. पहिल्या काही सेकंदांत डोळा जे सांगतो ते खरं. नंतर तो मिंधा होतो.

ए तीन बाजूला होतो. ए साडेतीन येतो. पुन्हा किलकिले डोळे, पुन्हा राखाडी कागद. मग बी तीन. मग परत साडेतीन.

"खालच्यांना साडेतीन," मॅडम मुलीला सांगतात. "सुळ्यांना ए चार."

मुलगी चिठ्ठीवर लिहिते. सुळा हा शेजाऱ्यांपेक्षा एक पायरी गडद असायचाच, तो जन्मानंच तसा असतो. म्हणून नुसत्या सुळ्याशी जुळवून समोरचे चार दात मागवले असते तर मास्तरांचं तोंड उदास दिसलं असतं. खालची रांग शाबूत आहे हे नशीब. समोरच्या चौघांना साडेतीनच.

मास्तर हात पुढं करतात. "मला बगू द्या की."

मॅडम त्यांच्या हातावर तो एवढासा दात ठेवतात. मास्तर राखाडी टॉवेलासकट उठतात, खिडकीपाशी जातात, आरसा मागतात. पट्टीचा दात ओठापाशी धरून ते मान थोडी उजवीकडे, थोडी डावीकडे करतात. मग खोली ओलांडून दारात येतात, जिथे बाहेरच्या व्हरांड्यातला एलईडीचा दिवा दिवसाढवळ्या जळतोय, आणि तिथंही तेच करतात. बाकावरचे सगळे बघतायत. एक पोर हसायला लागतं.

"टोन बरोबर हाय," मास्तर परत येऊन सांगतात. "ह्या दिव्याखाली जरा हिरवट मारतोय, पण तो दिव्याचा गुण हाय."

मग ते मला सांगतात, कारण माझ्या हातात वही आहे. रात्रपाळीला ट्यूबखाली दोन लडी शेजारी ठेवल्या की एकच वाटायच्या. सकाळी बाहेर अंगणात न्याव्यात तर एक तांबडी, एक जांभळी. दोन वेगळ्या रंगांच्या मिश्रणांनी एकच शेड आणली तर ती एका उजेडात जुळते आणि दुसऱ्यात फुटते. "तवापासनं ठरवलं. पार्टी दुपारी चारनंतर शेड पास कराला आली की म्हनायचं, उद्या सकाळी या. ऊन पिवळं झाल्यावर कुणाची सही घ्याची न्हाई." कारखान्यात पुढं रंग मोजायचं यंत्र आलं, संगणक आला. यंत्रानं पास केलेली लडीसुद्धा व्यापारी खिडकीत नेऊनच बघायचा.

दातांचा रंग मोजणारी यंत्रंही मिळतात. पेनासारखं टोक दाताला टेकवलं की आकडा दाखवतात. या दवाखान्यात ते नाही. मोबाइल आहे, आणि पट्टीचा दात शेजारी धरून फोटो काढून लॅबला पाठवायची पद्धतही आहे, पण मोबाइल स्वतःच्या मनानं पांढरा ठरवतो आणि त्याबरोबर बाकीचे सगळे रंग सरकवतो. फोटोत पट्टीचा दात असेल तरच त्या फोटोला अर्थ. लॅबवाला दोन्हींतला फरक बघतो, रंग बघत नाही.

एवढं होईपर्यंत गप्प असलेल्या अक्का पुढं येतात. चिठ्ठीशेजारी पांढऱ्या कागदावर ए साडेतीन एकटा पडलाय, आणि एकटा पडल्यावर तो खरोखरच पिवळा दिसतोय.

"एवढा पिवळा? पैसे देऊन पिवळा?" त्या मॅडमकडे बघतात, मग मास्तरांकडे. "नवीन दात नवीन दिसाला नको?"

प्रत्येक घरातून येणारा हा प्रश्न मॅडमना पाठ आहे. त्या वाद घालत नाहीत. पट्टीतला सगळ्यात उजळ बी एक काढतात, मास्तरांच्या दोन सुळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत धरतात आणि अक्कांना म्हणतात, "बघा." अक्का बघतात. सुळे एकदम मळकट दिसायला लागलेत. खालची रांगसुद्धा. बी एक आला आणि शेजारचे सगळे म्हातारे झाले. मग त्याच जागी ए साडेतीन येतो, आणि आता नवा कुठला, जुना कुठला ते बघावं लागतं.

अक्का काही बोलत नाहीत, पण खाली बसतात. मला त्यांची बाजूही समजते. चार दातांचे पैसे मोजायचे आणि कुणाला कळूच नये हा व्यवहार तसा अजबच. साडी, चप्पल, घराचा रंग, आपण घेतलेली प्रत्येक नवी गोष्ट दिसावी म्हणून घेतो. दात तेवढा दिसू नये म्हणून घ्यायचा.

पोर्सिलीनची पट्टी मॅडम आता पेटीत ठेवतात आणि दुसरं एक कार्ड काढतात. कारण तोंडात जाणार आहेत ते दात अ‍ॅक्रिलिकचे, आणि पोर्सिलीनच्या पट्टीवरचा साडेतीन आणि अ‍ॅक्रिलिकच्या सेटातला साडेतीन हे सख्खे भाऊ नव्हेत, चुलत असतील. कंपनी बदलली की त्यात आणखी फरक. शहाणा दंतवैद्य ज्या कंपनीचा सेट घालणार तिचंच कार्ड शेवटी तोंडाला लावून बघतो. पोर्सिलीनचे दात तसे जुने. अठराव्या शतकात पॅरिसजवळच्या दुशातो नावाच्या औषधविक्याला त्याच्या हस्तिदंती कवळीच्या वासानं हैराण केलं, तेव्हा तो चिनी मातीकडे वळला. दात न कुजणारे, न वास मारणारे झाले, पण अख्खी कवळी एकाच भट्टीतून एकाच रंगात निघायची. दात सुटे भाजून छटा देणं १८०८ च्या सुमारास फोन्झीनं सुरू केलं. अ‍ॅक्रिलिक आलं ते गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात, आणि हलकं, स्वस्त, घासता येण्याजोगं म्हणून आपल्याकडे तेच रुळलं.

मास्तरांना यातलं फक्त एक समजून घ्यायचंय. "प्लेट कशी पक्की करतात?" मॅडम सांगतात: मेणात दात लावायचे, प्लास्टरच्या साच्यात दाबायचे, मेण उकळत्या पाण्यानं घालवायचं, तिथं गुलाबी अ‍ॅक्रिलिकचा गोळा भरायचा आणि साचा पाण्यात चौऱ्याहत्तर अंशांवर ठेवायचा, मग उकळी. "घाईनं उकळी दिली तर बुडबुडे धरतात." मास्तर मान डोलावतात. तापमान हळूहळू चढवायचं असतं हे त्यांना कुणी समजावून द्यायला नको.

"हिरडीचं बघा," मॅडम मुलीला म्हणतात, आणि मास्तरांचा ओठ वर करतात. हिरडी गुलाबी नाही. तपकिरी आहे, मधेमधे जांभळट. इथल्या बहुतेकांची अशीच असते, तो आपल्या कातडीचाच रंग. बाजारात मिळणारं अ‍ॅक्रिलिक मात्र गोऱ्या हिरडीचं गुलाबी. दात कितीही जुळला तरी हसताना वर अशी गुलाबी पट्टी चमकली की सगळं फसलं. चिठ्ठीवर आणखी एक ओळ येते: पुढच्या बाजूला तपकिरी छटा.

आता अल्जिनेट कालवलं जातं. पुढची पाच मिनिटं मास्तरांना बोलता येत नाही.

दरम्यान बाकावरचं ते हसणारं पोर आत येतं. पोर म्हणजे विशी ओलांडलेला. मोटरसायकलवरून पडून वरचा समोरचा एक दात गेलाय. हाड भरेपर्यंत त्याला तात्पुरता काढ-घालीचा एक दात हवा. चार दात जुळवण्यापेक्षा एक जुळवणं अवघड, कारण त्याचा जुळा भाऊ अगदी खेटून उभा असतो आणि समोरून बघणाऱ्याची नजर पडते ती त्या दोघांवरच. याच्या दातावर तर पांढरट ठिपके आहेत. सेटात तसे कुठून मिळणार? लॅबमध्ये रंग भरून घ्यावे लागतील. ए दोन ठरतो. पण त्याचं वेगळंच. भोगीला संमती कट्ट्यावर यात्रेतला अक्षता सोहळा, त्या दिवशी तो नंदीध्वजाबरोबर असणार, अंगात पांढरी बाराबंदी. "पांढऱ्यावर दात पिवळे दिसतेत, मॅडम. एक नंबर कमी करा की."

निरीक्षण अचूक आहे. शुभ्र कापड चेहऱ्याला लागलं की कुठलाही दात मळतो. मॅडम पांढरा नॅपकिन त्याच्या गळ्याशी धरून त्याला आरसा देतात. पिवळे दिसतायत, पण सगळेच सारखे. "एकट्याला पांढरा केला तर यात्रेत सगळे तोच बघत बसतील," त्या म्हणतात. पोर दोन क्षण विचार करतं आणि ए दोनवर येतं.

मग कुंभारीच्या विडी घरकुलातल्या मावशी. बरोबर सून. मावशींच्या तोंडात एकही दात नाही. आज त्यांची मेणातली कवळी घालून बघायचीय. मागच्या खेपेला मेणाच्या वळ्यांवर मधली रेघ, ओठांच्या कोपऱ्यांच्या रेघा आणि हसल्यावर ओठ जिथवर जातो ती रेघ आखली गेली होती, त्यावरून दातांची लांबी-रुंदी ठरली. लॅबनं वरचे सहा ए तीनमध्ये लावून पाठवलेत. मेण आहे तोवर काहीही बदलता येतं. एकदा अ‍ॅक्रिलिक झालं की नाही.

मॅडम कवळी बसवतात. "साठपासून सत्तरपर्यंत मोजा."

मावशी मोजायला लागतात, तेलुगूत. मॅडम थांबवतात. "मराठीत मोजा मावशी. तेलुगू साठात 'स' न्हाई." एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. प्रत्येक 'स'ला वरखालचे दात किती जवळ येतात ते मॅडम वाकून बघतायत. मग त्या म्हणतात, "विडी म्हणा." वरच्या दातांची कड खालच्या ओठाला बरोबर टेकते. हा शब्द मावशींनी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा उच्चारला असेल. हजार विड्यांवर मजुरी मोजली जाते. तसे किती हजार झाले याचा हिशेब त्यांच्या पाठीला विचारावा.

रंगाचा प्रश्न इथं वेगळाच आहे. जुळवायचं कशाशी? शेजारी कुणी उरलेलं नाही. मॅडमनी जुना फोटो मागवला होता. सुनेनं दोन आणलेत: लग्नातला आणि आधार कार्डाचा. दोन्हींत मावशींचं तोंड घट्ट मिटलेलं. त्या पिढीतलं कुणी फोटोत दात दाखवत नाही, त्यामुळे महाराष्ट्रातल्या हजारो कवळ्यांचा पुरावा असा मिटलेल्या ओठांमागं राहिलाय.

आणि दिसले असते तरी ते दात होते मिसरीचे. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड मावशी लहानपणापासून सकाळ-संध्याकाळ लावत आल्या. त्यांच्या आज्यांच्या काळात तर दातवण लावून दात मुद्दाम काळे करायची रीत होती. ती शोभा समजली जायची. मावशींनी मिसरी लावली ती शोभेसाठी नव्हे, तलफ म्हणून. मॅडम विचारतात, "सोडली ना?" मावशी सुनेकडे बघतात. सून छताकडे. मॅडमचा आवाज चढतो. तंबाखू तोंडाचा कर्करोग करते, कवळीखाली ती पूड अडकली की हिरडी सोलते, आणि अ‍ॅक्रिलिक डाग धरतं ते निराळंच. मावशी "सोडते की" म्हणतात. या एका वाक्यावर दवाखान्यातल्या कुणाचाच विश्वास बसत नाही.

आरसा हातात येतो. मावशी बराच वेळ बघतात. मग आरसा उपडा ठेवतात. "नको. पांढरे द्या."

मॅडम समजावतात. वय वाढतं तसं दातावरचं वेष्टण झिजतं, आतला पिवळा थर जाड होतो, दात गडद होतो. सत्तरीच्या चेहऱ्याला विशीचा दात शोभत नाही. पुस्तकात हेच आहे. १९५० च्या दशकात फ्रश आणि फिशर या दोन अमेरिकनांनी कवळीसाठी तीन कसोट्या घालून दिल्या: बाई की पुरुष, स्वभाव कसा, वय काय. वयाला गडद छटा, बाईला गोलसर नाजूक दात. वयाचं मला पटतं. नाजूकपणाचं मात्र मावशींच्या बोटांकडे बघून पटत नाही.

मावशी ऐकून घेतात. "माझे दात काळे होते. नवऱ्यानं बगितले, सासूनं बगितले, कारखान्यातल्या बायांनी बगितले. आता म्हातारपनी पिवळे कशाला? पांढरे बगू दे की लोकास्नी."

सून पहिल्यांदाच बोलते. "अत्तीबाईंचं बरोबर आहे मॅडम. ओळखणारे सगळे ओळखतातच की कवळी आहे ते. गल्लीत कुणाला सांगायचं राहिलंय?"

मॅडम पट्टी पुन्हा काढतात. मास्तरांच्या वेळी ज्या बी एकला हाकललं तो पुन्हा बाहेर येतो. मावशींच्या सावळ्या चेहऱ्यावर तो फारच पुढं येतो, हे मावशींनाही दिसतं. ए एकवर त्या रेंगाळतात. मॅडम ए दोन धरतात. खिडकीत नेऊन, मग दारात नेऊन सून बघते. मास्तरांचं बघून ती एवढं शिकलीय. घासाघीस होते आणि ए एक ठरतो. मॅडमच्या चेहऱ्यावर थोडी नाराजी आहे, पण त्या लिहितात. त्यांनी लिहिलं ते बरं केलं, असं मला वाटतं. मास्तरांच्या तोंडात बाजूचे सुळे होते, त्यांचा निवाडा मानावाच लागला. मावशींच्या तोंडात आता कुणाचा निवाडा चालणार? पुस्तकाला सत्तरीचा दात कसा असावा ते ठाऊक असेल, पण कुंभारीच्या चौकात हे तोंड उघडणार आहे ते मावशी.

साडेबाराला लॅबचा फोन येतो. मुलगी स्पीकरवर टाकते. मास्तर माप देऊन झालं तरी बसलेलेच आहेत, रिक्षा मिळेना म्हणून की पुढचं ऐकायचं म्हणून, कळत नाही.

"मॅडम, तुमचा साडेतीनचा सेट ह्या साइजमध्ये न्हाई ओ. ए तीन हाय. उद्या लावून देतो, यात्रेच्या आधी मिळंल. अर्ध्या नंबरचा फरक कुणाला कळतोय?"

मॅडम काही बोलायच्या आत मास्तर खुर्चीवरून पुढं वाकतात. "साडेतीन कधी येतोय?"

पलीकडे क्षणभर शांतता. "कोण बोलतंय?"

"पेशंट बोलतोय."

"पुण्याहून मागवावा लागेल, काका. यात्रा झाल्यावर."

"मागवा. पण पाकीट फोडल्यावर चारी दात एका लॉटचे हायत का बगा. दोन पाकिटांतले मिसळू नका."

अक्का कपाळाला हात लावतात. "म्हंजे यात्रेला असंच? लोक काय म्हनतील?"

"तोंड मिटून फिरीन," मास्तर म्हणतात आणि मफलर गुंडाळायला लागतात. मुलगी पुढची तारीख लिहून देते. मास्तर ती वाचतात, खिशातून पेन काढतात आणि तारखेखाली वेळही लिहायला लावतात: सकाळी साडेदहा.